वसईचे संत गोन्सालो गार्सिया: क्रूसावर जाण्याआधी ते काय काम करायचे?

गासकर
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

परवा रविवारी लेक धर्मशिक्षणाच्या वर्गातून घरी आली. वय वर्षं नऊ. त्या दिवशी संत गोन्सालो गार्सियांचा धडा झाला होता. जेवताना तिनं विचारलं, "बाबा, ते क्रूसावर गेले ते कळलं. पण त्याच्या आधी ते काय काम करायचे?"

घास हातातच राहिला. मी वसईजवळच्या गासचा. त्यांच्या नावाचं चर्च आमच्या दाराशी. लहानपणापासून नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) केल्या, सणाच्या मिरवणुकीत मेणबत्ती धरून चाललो, पताका लावल्या. आणि पोरीला उत्तर देता येईना. जपानमधलं नागासाकी, ५ फेब्रुवारी १५९७, सव्वीस जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी मारलं, एवढं पाठ आहे. शेवटचा एक दिवस तोंडपाठ आणि त्याआधीची चाळीस वर्षं कोरी, अशी माझी गत.

तर इथल्या जाणत्यांनी सांगावं. ते जगले कसे? आज आपण त्यांच्याकडून काही घ्यायचं म्हटलं, तर काय घ्यायचं? क्रूस काही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

वाचनमात्र
छान धागा. खुर्ची टाकून बसले आहे.

मधुमालती
गासकर, लेकीला माझा शाबासकीचा हात सांग. तीस वर्षं शाळेत शिकवलं, हा प्रश्न मला एकाही मुलानं विचारला नाही.

थोडक्यात सांगते. जन्म वसईत, १५५६-५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसई तेव्हा पोर्तुगिजांकडे येऊन वीसेक वर्षं झाली होती. किल्ल्यात जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या फादरांकडे शिकले. त्यांच्यातले फादर सेबास्तियन गोन्साल्विस जपानला निघाले आणि या मुलाला सोबत घेऊन गेले. वय पंधरा-सोळा. तिथं भाषा भराभर शिकले आणि आठेक वर्षं जेझुइटांच्या हाताखाली धर्मशिक्षक म्हणून राबले. मला संघात घ्या अशी त्यांची इच्छा होती, ती पुरी झाली नाही. मग व्यापारात पडले, आणि तोही चांगला चालवला. पुढे चालता धंदा सोडून मनिलाला गेले आणि फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात ब्रदर झाले.

ब्रदर हं, फादर नव्हे. म्हणजे मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करायचा अधिकार नाही, पापनिवेदन ऐकायचा नाही. मठातली पडेल ती कामं करणारा माणूस. वसईत कितीतरी जण त्यांना फादर समजतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तेव्हा लेकीला सांग: आधी शिकवायचे, मग व्यापार करायचे, मग सेवा करायचे. आणि सेवेच्या काळात दुभाष्याचंही काम केलं.

दर्यावर्दी
मधुमालतीताईंनी उत्तम मांडलंय. दुभाष्याच्या मुद्द्याला थोडी जोड देतो, कारण खरी गोष्ट तिथंच आहे.

जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी. फिलिपिन्सनं आपलं मांडलिक व्हावं असा निरोप त्यानं मनिलाला धाडला होता. तिथल्या स्पॅनिश गव्हर्नरानं वकील म्हणून फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना पाठवायचं ठरवलं. त्यांना जपानी येत नव्हती. ब्रदर गोन्सालोंना येत होती. म्हणून १५९३ मध्ये आपला वसईकर परत जपानात. भेट झाली नागोयात. हे आजचं नागोया शहर नव्हे. क्यूशू बेटावर हिझेन प्रांतात त्याच नावाचा किल्ला होता, हिदेयोशीच्या कोरियावरच्या स्वाऱ्या तिथून चालल्या होत्या.

चित्र डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला अख्ख्या जपानवर हुकूम चालवणारा सेनानी, दुसऱ्या बाजूला अनवाणी साधू आणि मधे आपला ब्रदर. शरण या, असं तो म्हणतोय आणि ते फादरांच्या कानावर घालायचंय. फादरांचा नकार त्याच्या कानावर घालायचाय, तोही डोकी उडणार नाहीत अशा बेतानं. ते जमलं, कारण या मंडळींना राहायची परवानगी मिळाली. पुढे क्योतोत जागा मिळाली, मठ झाला, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय निघालं.

स्पष्टवक्ता
माहिती रोचक. पण थोडं वेगळं बोलतो, राग नसावा. पुढे झालं ते धर्मापेक्षा राजकारण जास्त. ऑक्टोबर १५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश गलबत जपानच्या तोसा किनाऱ्यावर फुटलं, माल जप्त झाला. आधी मिशनरी येतात, मागून आमच्या राजाचं सैन्य येतं, असं त्यावरच्या सुकाणूदारानं बढाईनं सांगितल्याची कथा आहे. हिदेयोशी भडकला आणि यांना क्रूसावर चढवलं, ते त्यानंतर. १५८७ चा त्याचा मिशनऱ्यांविरुद्धचा हुकूम होताच आणि फ्रान्सिस्कन लोक तरी उघड प्रचार करत होते. स्पेनच्या साम्राज्याचं प्यादं झालेल्या माणसाला हुतात्मा का म्हणायचं?

शिवाय माझं आजोळ वसईचं, हिंदू घर. आमच्याकडे चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या मोहिमेच्या गोष्टी ऐकत मुलं मोठी होतात. पोर्तुगीज अमलात देवळं पडली, माणसं धर्मासाठी छळली गेली. त्या अमलातून आलेल्या संताकडे मला सहज बघता येत नाही.

चिंचपोकळीकर
स्पष्टवक्ता, +१. त्यांना 'पहिले भारतीय संत' म्हणणंही मला पटत नाही. वडील पोर्तुगीज, राज्य पोर्तुगीज, संघ स्पॅनिश लोकांचा. अल्फोन्सा किंवा देवसहायम यांना भारतीय म्हणा, समजू शकतो.

मधुमालती
चिंचपोकळीकर, आईला कुठं ठेवलंत? बाप पोर्तुगीज म्हणून मूल पोर्तुगीज, हा हिशेब त्या काळच्या पोर्तुगिजांनासुद्धा मान्य नव्हता. हिंदुस्थानी आईच्या मुलाला ते आपल्या पंगतीत सहजासहजी बसवत नसत. संघात प्रवेश मिळाला नाही त्यामागं हेही असावं, असं मला वाटतं. म्हणजे तेव्हा आईमुळे तिकडचे म्हणणार आमचा नाही आणि आज बापामुळे आपण म्हणणार आमचा नाही. मग त्यांनी जावं कुठं?

साल बघायचं तर संतपद १८६२ चं, ८ जून, पोप नववे पायस यांच्या हातून. अल्फोन्सा २००८, देवसहायम २०२२. अल्फोन्सा या पहिल्या भारतीय स्त्री संत, देवसहायम पहिले प्रापंचिक भारतीय संत. प्रत्येकाचा मान वेगळा. भांडण कशाला?

स्पष्टवक्ता, तुमच्या आजोळच्या गोष्टी खोट्या नाहीत. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) आलं, त्यानं काय केलं ते आम्हा ख्रिस्ती लोकांनीही वाचायला हवं, आणि मी वाचलंय. जे झालं त्याची मला लाज वाटते. पण मराठ्यांनी वसई घेतल्यावर युरोपीय पाद्री निघून गेले, मागं इथलेच ख्रिस्ती राहिले आणि त्यांनी आपला धर्म मराठी राज्यात टिकवला. तलवारीनं लादलेलं असतं तर तलवार गेल्यावर सुटलं असतं.

दर्यावर्दी
स्पष्टवक्ता यांनी राजकारणाचा मुद्दा योग्य काढला, तो लपवण्यात अर्थ नाही. जेझुइट आणि फ्रान्सिस्कन यांच्यातही ताण होता. जपान फक्त जेझुइटांचं कार्यक्षेत्र, असं पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८५ मध्ये ठरवून दिलं होतं, आणि तरी फ्रान्सिस्कन तिथं आले. जेझुइटांना वाटायचं, हे उघड उघड हिंडतात आणि सगळ्यांना गोत्यात आणतील. ती भीती खरी ठरली.

पण सव्वीस जण मोजून बघा. स्पॅनिश चार. मेक्सिकोचे एक, फेलिपे, जे त्या फुटलेल्या गलबतावरच होते. वसईचे एक. उरलेले वीस जपानी. त्यात सुतार होता, धनुष्यं बनवणारा होता, बारा-तेरा-चौदा वर्षांची पोरं होती. स्पेनच्या राजाशी त्यांचा काय संबंध? आणि निघाले तेव्हा ते चोवीस होते. दोघे जण वाटेत त्यांची सेवा करायला सोबत चालत होते, त्यांनाही पकडून ओळीत घातलं. याला प्यादं कसं म्हणायचं?

स्पष्टवक्ता
ते दोघे वाटेत सामील झाल्याचं माहीत नव्हतं. 'प्यादं' हा शब्द मागे घेतो. बाकी मुद्दे कायम.

कोकणकन्या
गोव्याहून लिहितेय. आमचे संत जोसेफ वाझ आठवले. बाणावलीत १६५१ चा जन्म, २०१५ मध्ये कोलंबोत संतपद. श्रीलंकेत डचांनी कॅथलिक धर्मावर बंदी घातली होती, तेव्हा ते १६८७ मध्ये मजुराच्या वेशात तिथं शिरले. कँडीच्या राजानं पोर्तुगिजांचा हेर समजून कैदेत टाकलं. तमिळ शिकले, सिंहली शिकले. पुढे कँडीत देवीची साथ आली, लोक आपल्या माणसांना सोडून पळाले, हे मात्र रोग्यांजवळ राहिले.

दोघांत मला एकच धागा दिसतो. परक्या मुलखात गेले आणि आधी तिथली भाषा तोंडात रुळवली.

सुकेळीवाली
कोकणकन्या, बाणावली माझी आवडती. पण बोलण्याचा विषय निघालाच आहे तर वसईत या, एका मैलात चार बोली ऐकवते. आमच्या घरात कादोडी, शेजारी वाडवळी, कोळीवाड्यात वेगळीच, चर्चमध्ये प्रमाण मराठी. आमच्याकडची मुलं दुभाषी होऊनच जन्माला येतात. :)

कादोडी_पोर
सुकेळीताई, यंदा सुकेळ्यांसाठी केळी वाळत घातली का? मागच्या वर्षीची राजेळीची पानात बांधलेली पुडी आईनं कुलपात ठेवली होती!

सुकेळीवाली
घातलीत. ऊन चांगलं आहे. पण धागा सुकेळ्यांवर नको न्यायला, गासकर रागावेल.

गासकर
रागावत नाही, ताई, फक्त एक पुडी माझ्या नावानं बाजूला ठेवा.

सगळ्यांचे आभार. लेकीला 'दुभाष्या' शब्द सांगितला. तिनं तो तीनदा म्हणून बघितला.

सूर्योदयाकडे
मी ओसाकात राहते, नवऱ्याच्या नोकरीमुळे नऊ वर्षं. मूळची पुण्याची, धर्मानं हिंदू. मागच्या हिवाळ्यात नागासाकीला गेलो होतो, तेव्हाचं लिहिते.

स्टेशनमधून बाहेर पडलं की पाच मिनिटांचा चढ, त्याच्यावर निशिझाका टेकडी. मला डोंगर अपेक्षित होता, ती शहराच्या मधोमध छोटीशी उंच जागा आहे. वर रुंद दगडी भिंत, तिच्यावर सव्वीस ब्राँझच्या मूर्ती एका ओळीत. शिल्पकार फुनाकोशी यासुताके, १९६२ सालचं काम. बहुतेक माणसं हात जोडून नुसती उभी आहेत. पण उभीही नाहीत. नीट पाहिलं तर सगळ्यांचे पाय खाली लोंबताहेत, बोटं जमिनीकडे. मी आधी चेहरे बघत होते. मुलानं दाखवलं, "आई, त्यांचे पाय टेकले नाहीयेत." त्यानंतर मला चेहऱ्यांकडे बघवेना. ओळीत तीन मूर्ती बुटक्या आहेत. ती पोरं.

आपले गोन्सालो कोणते ते मला ओळखता येईना. तिथल्या संग्रहालयातल्या आजोबांना विचारलं. मी भारतातली, मुंबईजवळ वसई आहे तिथला माणूस शोधतेय, म्हटल्यावर ते काउंटरमागून उठून बाहेर थंडीत आले आणि मूर्तीखाली नेऊन उभं केलं. मग मला वाकून नमस्कार केला. मला की त्यांना, ते कळलं नाही. मीही हात जोडले.

क्योतोत त्या चोवीस जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून गाड्यांतून धिंड काढली होती. मग ऐन थंडीत महिनाभर नागासाकीपर्यंत नेलं. हा प्रवास आज मी बुलेट ट्रेननं करते आणि तरी दमते.

मेणबत्ती
त्या पोरांविषयी. तोमास कोझाकी चौदा वर्षांचा होता, वडील मिकेल यांच्यासोबत पकडला गेला. मिकेल म्हणजे ते धनुष्यं बनवणारे. वाटेत मिहारा इथं मुक्काम होता तेव्हा तोमासनं आईला पत्र लिहिलं. आमची काळजी करू नकोस, धाकट्या भावांना सांभाळ, अशा अर्थाचं. ते पत्र आईपर्यंत गेलंच नाही. वडिलांच्या मृतदेहावरच्या कपड्यात रक्तानं भिजलेलं सापडलं.

माझा मुलगा चौदाचा आहे. याहून जास्त काही लिहिता येत नाही.

वाचनमात्र
मेणबत्ती, हे वाचून उठून पोराच्या खोलीत जाऊन आले.

दुभाषीण
मी सहसा फक्त वाचते, पण इथं लिहायलाच हवं. मी परदेशात एका रुग्णालयात दुभाषी आहे, मराठी आणि हिंदी. बारा वर्षं झाली.

आमच्या कामाचा पहिला नियम असा की समोरचा बोलतो ते 'मी' म्हणूनच बोलायचं. आजी म्हणाल्या "माझ्या छातीत दुखतं", तर मीही डॉक्टरांना "माझ्या छातीत दुखतं" असंच सांगते. "त्यांच्या छातीत दुखतं" नाही. एकदा साताऱ्याकडच्या एका काकूंना त्यांच्या आजाराचं खरं नाव सांगायची वेळ आली. डॉक्टर बोलले, खाली बघत. ते वाक्य काकूंना माझ्या तोंडून, माझ्या आवाजात ऐकू जाणार होतं. मराठीत त्या शब्दाआधी एक क्षण थांबले तेवढ्यात काकूंनी माझा हात धरला. "सांग बाळा," म्हणाल्या. डॉक्टरांकडे त्यांनी पाहिलंच नाही.

दर्यावर्दींनी नागोयाचं वर्णन केलं तेव्हा मला ते सगळं अंगावर आल्यासारखं झालं. दुभाष्यावर दोन्हीकडून संशय असतो. जपान्यांना वाटत असणार, हा स्पॅनिशांचा माणूस. स्पॅनिशांना वाटत असणार, हा जपान्यांना नेमकं काय सांगतोय? आणि हा ना इकडचा ना तिकडचा, वसईचा! इतकं करून त्याचं स्वतःचं असं एक वाक्यही त्या खोलीत बोललं जात नाही. तरी तो नसता तर कुणालाच काही कळलं नसतं.

आणि त्या कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयात काय होत असेल? तिथं मोठ्या फादरांना जपानी येत नव्हती किंवा मोडकी येत होती. रुग्णांचं गाऱ्हाणं आधी कोण ऐकत असेल? ज्याला भाषा येते तो. हे मी पुराव्यानं सांगत नाही, रोजच्या अनुभवावरून सांगते.

गासकर, तुम्ही विचारलंत काय घ्यायचं. मी हे घेईन. दुसऱ्याचं दुःख त्याच्याच शब्दांत, 'मी' म्हणून, न गाळता पोचवणं. ते संत नसते तरी मी त्यांना माझ्या धंद्यातले थोरले मानलं असतं.

कादोडी_पोर
दुभाषीणताई, _/\_

स्पष्टवक्ता
दुभाषीण यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. आजोळी गेलो की वसईच्या किल्ल्यातल्या त्यांच्या नावाच्या चर्चमध्ये पहिल्यांदाच आत जाईन म्हणतो. आतापर्यंत बुरुज बघून परत फिरत आलो.

पापडीचे_नाना
मी ८१ वर्षांचा. नातू टंकून देतोय.

आमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये. फादरांची पाठ आमच्याकडे. आजीला सगळ्या प्रार्थना लॅटिनमध्ये पाठ, चुकायची नाही, आणि अर्थ एका शब्दाचा ठाऊक नाही. मग रोमला ती मोठी व्हॅटिकन परिषद भरली, १९६२ ते ६५. त्यानंतर आमच्याकडे मिस्सा मराठीत आली. पहिल्या काही रविवारांतली गोष्ट. चर्चमधून घरी येताना आजी म्हणाली, "अरे, आपण त्यात रोजची भाकर मागतो?" आयुष्यभर रोज मागत होती, पण काय मागते ते तिला सत्तराव्या वर्षी कळलं. घरी आली आणि चुलीपुढं बसून भाकऱ्या थापता थापता तेवढीच ओळ म्हणत राहिली.

त्या दिवशी मला ब्रदर गोन्सालोंची किंमत कळली. समजेल अशा भाषेत सांगणारा माणूस भेटायला आजीला सत्तर वर्षं थांबावं लागलं. जपानच्या गरिबांना तो त्यांनी लवकर मिळवून दिला.

मधुमालती
नाना, तुमच्या आजी डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

सूर्योदयाकडे
नानांचं वाचून एक राहिलेलं सांगते. नागासाकीत औरा नावाचं चर्च आहे, याच सव्वीस जणांना वाहिलेलं. फ्रेंच पाद्र्यांनी बांधलं. १८६५ च्या मार्चमध्ये उराकामी गावचे काही लोक तिथं आले आणि फादर पेतिजाँ यांना हळूच म्हणाले, आमचं हृदय तुमच्यासारखंच आहे. अडीचशे वर्षं बंदी. पाद्री नाहीत, चर्च नाही, ख्रिस्ताच्या चित्रावर पाय द्यायला लावायचे, आणि हे लोक घरातल्या घरात प्रार्थना जपून होते. लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द झिजून झिजून जपानीच झाले होते.

संतपद १८६२ चं म्हणालात ना, ताई? म्हणजे रोममध्ये या सव्वीस जणांना संत म्हटलं गेलं तेव्हा जपानमध्ये त्यांची लेकरं अजून लपून होती, आणि बाहेर कुणाला पत्ता नव्हता.

दर्यावर्दी
हा सालांचा मेळ माझ्या कधी लक्षात आला नव्हता. धन्यवाद.

चिंचपोकळीकर
'भारतीय की नाही' हा माझा हट्ट सोडला असं नाही, पण बाजूला ठेवतो. नानांच्या आजीसाठी.

गासकर
काल रात्री लेकीला सगळं वाचून दाखवलं. पत्राचा भाग गाळला, ती मोठी झाली की सांगेन. तिनं लगेच वही काढून चित्र काढलं. डावीकडे मोठ्या मिशांचा राजा, उजवीकडे दाढीवाले फादर, मधे गोन्सालो, त्यांचे कान भलेमोठे. मी म्हटलं, एवढे मोठे का? तर म्हणे, दोघांचं ऐकायचं असतं ना त्यांना.

आता तिचा पुढचा प्रश्न: त्यांना जपानी शिकवली कोणी?

दुभाषीण
पोरांनी शिकवली असणार, गासकर. धर्मशिक्षक होते ना? मी इथली भाषा शिकले ती शेजारच्या सहा वर्षांच्या मुलीकडून. मोठी माणसं चूक ऐकून गप्प बसतात, ती खदखदून हसायची.

गासकर
हे तिला सांगतो, खूश होईल. येत्या रविवारी तिला किल्ल्यातलं चर्च दाखवायला नेतोय, सकाळी नऊच्या सुमाराला. स्पष्टवक्ता, येताय का?

स्पष्टवक्ता
येतो. आजोळी कळवतो आधी.

सुकेळीवाली
मीही येते. पुडी घेऊन.